फळा रस्त्यावरच राहील

सोनवणे मॅडमनी माझं एक तयार भांडण वाया घालवलं, त्याचा राग मला अजून आहे.

भांडण चांगलं होतं. सेवाभावी म्हणवणाऱ्या संस्थांनी आपला हिशोब लोकांसमोर मांडावा, नुसता कायद्यापुरता कचेरीत दाखल करून हात झटकू नयेत, अशी आमच्या गटाची मागणी होती. गट म्हणजे आम्ही चौघी, दोन स्कूटर आणि सदाशिव पेठेतली माझी कॉट बेसिसची खोली. पत्रकं मी लिहायचे. 'दान तुमचं, मौन त्यांचं' हे माझंच. संस्थेत जायचं, हिशोब मागायचा, नाही म्हणाले की त्यांच्याच दारात पत्रकं वाटायची. 'नाही' तर सगळेच म्हणायचे, फक्त प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नारायण पेठेतल्या एका संस्थेच्या चिटणिसांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आपण देणगी दिली आहे का आमच्याकडे?" मी म्हटलं, नाही. "देणार आहात?" नाही. "मग आपला संबंध फक्त जिन्याशी. सावकाश उतरा, तिसरी पायरी तुटकी आहे." ती पायरी दुरुस्त करायचे पैसे कुठे जातात, हे मी पुढच्या पत्रकात विचारलं.

अशा तयारीने मी विश्रांतवाडीला गेले. आळंदी रस्त्यावरून आत वळलं की एका गल्लीत म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे. मुलगा-सून कामावर गेल्यावर घरात एकटी पडणारी माणसं सकाळी तिथे येतात, जेवतात, पत्ते खेळतात, पत्त्यांवरून भांडतात आणि संध्याकाळी घरी जातात. जी अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्या घरी डबा जातो, अंग पुसायला, कूस बदलायला बाई जाते. काम चांगलं आहे हे मला ठाऊक होतं. पण चांगलं काम करणारेच हिशोब विचारला की सगळ्यांत जास्त दुखावतात, हा माझा अनुभव. म्हणून पत्रकं जरा जास्तच नेली होती.

गल्लीत वळले तर कुंपणाच्या भिंतीवर, थेट रस्त्याच्या बाजूला, शाळेत असतो तसा लांबलचक काळा फळा. वर पत्र्याचं छप्पर. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तांदूळ, गॅस, कामाच्या बायकांचे पगार, डायपर, रिक्षाभाडं, सगळं. आणि अक्षर टपोरं, वळणदार, जरा गर्विष्ठच म्हणावं असं.

फळ्याखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर साठी ओलांडलेल्या एक बाई शेंगा सोलून खात बसल्या होत्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पांढरे पळायचे बूट.

"शंका आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी हिशोब मागायला आले आहे.

"मग वर बघा."

मी वर बघितलं. नंतर काय करायचं ते मला कळेना. भांडायला निघालेल्या माणसाला समोरच्याने दार उघडून 'या' म्हणावं, यासारखा अपमान नाही. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, गल्लीतल्या चार माणसांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने. मग म्हणाल्या, "राग छान आलाय. आता सांगा, हे छापायला पैसे कुणी दिले?"

मी म्हटलं, आम्हीच.

"कुठे लिहिलंय?" त्यांनी पत्रक उलटं केलं. "मागची बाजू कोरी आहे. इथे मावलं असतं."

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'छपाई : चौघींच्या खिशातून' अशी ओळ असते. दर वेळी ती टाकताना मी चिडते. पण टाकते.

सोनवणे मॅडम म्हणजे केंद्राच्या खजिनदार. सरकारी लेखापरीक्षणात नोकरी झालेली. जिल्हाभर हिंडून इतरांचे हिशोब तपासले, आता आपला कुणाकडून तरी तपासून घ्यावा म्हणून या कामात पडले, असं त्या सांगायच्या. त्यांचं घर जवळच, विहाराच्या मागच्या बाजूला. सकाळी फिरायला निघायच्या तेव्हा वाटेतल्या लोकांच्या 'जय भीम'ला उत्तर देता देता दिसेल ती पाटी वाचत जायच्या, तीही मोठ्याने. "येथे वाहन लावू नये. का? कारण दिलेलं नाही. नुसती आज्ञा आहे." त्या सगळ्यांना अहो म्हणायच्या. शाळेतल्या पोरांना अहो, घंटागाडीवाल्याला अहो, फळ्याखाली पसरलेल्या कुत्र्यालासुद्धा "अहो, जरा सरकून बसा". आणि कुत्रं सरकायचं. विनोद सांगायच्या आधीच त्यांना हसू यायचं, त्यामुळे त्यांचे निम्मे विनोद कुणाला कळलेलेच नाहीत. अक्षराचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी झाकला नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी फळा नवा लिहिला जायचा. मग त्या सकाळभर खाली बसायच्या. समोरची दुसरी खुर्ची शंकेची. कुणीही यायचं, बसायचं, फळ्यावरच्या कुठल्याही ओळीबद्दल विचारायचं. "प्रश्नाला पैसे पडत नाहीत, विचारून घ्या," असं त्या भाजीवाल्यासारखं ओरडून सांगायच्या. सुरुवातीला कुणी यायचं नाही. मग एकदा शेजारच्या व्यायामशाळेतली पोरं आली आणि त्यातला एक धीट पोरगा खुर्चीत बसून म्हणाला, "काकू, लघुशंका आहे." बाकीचे फिदीफिदी हसले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आत डावीकडे. फिनेलचा खर्च उजवीकडे खालून दुसऱ्या ओळीत आहे, तेवढा वाचून जा."

पोरगा वाचायला लागला. वाचून म्हणाला, एवढं फिनेल लागतं? झालं. मॅडमनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हाताऱ्या माणसांना दिवसातून किती वेळा जावं लागतं, वाटेतच कसं होतं, फरशी किती वेळा पुसावी लागते, हे त्याला साग्रसंगीत सांगितलं. पोरगा ऐकून उठला आणि पुढच्या आठवड्यात फिनेलचा कॅन घेऊन आला. डावीकडे ओळ वाढली : 'फिनेल, व्यायामशाळेकडून'. त्या दिवशी मॅडम इतक्या खूश होत्या की पाटी न वाचता घरी गेल्या.

केंद्राच्या हिशोबात एका शब्दाला बंदी होती. 'किरकोळ'. 'इतर', 'संकीर्ण' वगैरे त्याची भावंडंही चालायची नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या रकमेला कुणी हात लावत नाही, तिच्याकडे सगळे टक लावून बसलेले असतात. किरकोळकडे कुणी बघत नाही, म्हणून सगळं तिथे जाऊन राहतं. "किरकोळ कशाला म्हणतात माहितीये? ज्याचं नाव सांगायची लाज वाटते किंवा कंटाळा येतो त्याला. लाज वाटत असेल तर खर्च करू नका. कंटाळा येत असेल तर खजिनदार होऊ नका."

मी हे वाक्य जसंच्या तसं पत्रकात छापलं आणि तीन-चार संस्थांचे चिटणीस माझ्याशी बोलायचे बंद झाले.

पण किरकोळ नाही म्हटल्यावर फळ्यावर काय काय यायचं ते बघण्यासारखं होतं. 'कॅरमची पावडर'. 'हरवलेल्या चपलेबद्दल नवी चप्पल'. एका महिन्यात 'उंदराचा पिंजरा', आणि पुढच्या महिन्यात 'उंदीर न सापडल्यामुळे दुसऱ्या प्रकारचा पिंजरा'. ही ओळ वाचून गल्लीत चर्चासत्रच सुरू झालं. कुणी म्हणे भजी लावा, कुणी म्हणे सुकट लावा. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याने पिशवीतून मांजर आणून सोडलं. नियम तो नियम. जमेच्या बाजूला लिहिलं गेलं : 'मांजर एक, वस्तुरूपाने'. वर्षाचा हिशोब तपासणाऱ्या सीएचा फोन आला, मॅडम, हे मांजर ताळेबंदात कसं धरू? मॅडम म्हणाल्या, "धरता आलं तर धरा. आम्हाला अजून जमलेलं नाही."

हे सगळं ज्यांना पटत नव्हतं ते केंद्राचे अध्यक्ष, आप्पा. गाव शहरात आलं त्याच्या आधीपासूनचे शेतकरी, आता तीन इमारतींचे मालक. केंद्राचा हॉल त्यांच्याच इमारतीतला, आणि त्याचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. माणूस सरळ. पण फळा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. "मॅडम, हिशोब चोख हाय, मान्य. पन त्यो रस्त्याव कशाला? माझं पाव्हनं येत्यात, वाचत्यात. परवा येक जन इचारतो, आप्पा, तुमच्यात डायपरला येवढं लागतं व्हय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? लागतं म्हनलं."

"झालं तर. खरं उत्तर दिलंत. एवढ्यासाठीच तो फळा आहे."

आप्पा मान हलवत निघून जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण कवळीचं प्रकरण झालं.

केंद्रात रंगनाथआबा म्हणून एक गृहस्थ यायचे. कारखान्यात मशिनवर काम करून निवृत्त झालेले, तिरसट, जेवताना आमटीला नावं ठेवणारे. दात गेल्यापासून आमटीशिवाय दुसरं काही खाता येईना, म्हणून तिरसटपणा आणखी वाढलेला. केंद्राने त्यांना कवळी करून दिली. आणि माणूस बदलला. शेंगा खायला लागले. मॅडमच्या हातातल्या शेंगा न विचारता उचलायला लागले. पत्ते खेळताना खदखदून हसायला लागले, म्हणजे हसतात हेच तेव्हा लोकांना कळलं.

पहिल्या रविवारी फळ्यावर उजव्या बाजूला ओळ आली : 'कवळी एक'. नाव नव्हतं. पण गल्लीत नवे दात एकाच तोंडात उगवले होते, त्यामुळे नावाची गरज नव्हती. कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरून सुरू झालं. आबा, दाखवा की संस्थेची कवळी. मग कुणीतरी म्हणालं, आबा, जपून हसा, सार्वजनिक मालमत्ता आहे. सगळा स्टँड हसला. आबा वळले, घरी गेले, ते आलेच नाहीत. त्यांची सून केंद्रात येऊन सांगून गेली, दात काढून डबीत ठेवलेत, दूध-पाव खातात, भिंतीकडे तोंड करून बसतात.

आप्पांनी बैठक बोलावली. नेहमी मॅडमच्या बाजूने असणारी माणसंही त्या दिवशी खाली बघत होती. आप्पा आवाज न चढवता म्हणाले, फळा आत घ्यायचा. हॉलच्या भिंतीवर लावा, ज्याला बघायचं तो आत येऊन बघंल. कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा वेबसाइटवर टाकू, आजकाल सगळे तसंच करतात.

एव्हाना माझं तिथे नेहमीचं जाणं झालं होतं, त्यामुळे निमंत्रित म्हणून मी कोपऱ्यात बसले होते. मी उठून म्हटलं की आत नेलेला हिशोब हा लपवलेलाच हिशोब, आणि वेबसाइटवरची फाइल रिक्षा स्टँडवर कोण वाचतो, आणि तत्त्वाचा प्रश्न आहे. माझं वाक्य अजून बरंच लांब होतं. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचं पत्रक नंतर. आत्ता एक म्हातारा उपाशी बसलाय."

मग आप्पांकडे वळून त्यांनी सांगितलं, "पुढच्या हिशोबाच्या रविवारपर्यंत थांबा. रंगनाथआबा आपणहून परत आले नाहीत तर फळा मी माझ्या हाताने उतरवून आत नेते. आले तर फळा रस्त्यावरच राहील."

आप्पा म्हणाले, ठरलं.

बैठक संपल्यावर त्या ओल्या फडक्याने फळ्याच्या चौकटीवरची धूळ पुसायला गेल्या. मी बादली धरून उभी होते. पुसता पुसता, जणू उंदराच्या पिंजऱ्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "माझे वडील मजुरीच्या कागदावर अंगठा द्यायचे. वर काय लिहिलंय ते कधी कुणी वाचून दाखवलं नाही. म्हणून मला आत गेलेला फळा चालत नाही." मग फडकं पिळलं. "पण माझ्या फळ्यामुळे माणूस घरात बसलेलाही चालत नाही. या दोन्हींचं काय करायचं ते कळत नाहीये."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या आबांकडे गेल्या. मला बरोबर घेतलं, पण अटीवर, की बोलायचं नाही. दोन खोल्यांचं घर. आबा खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले होते. सुनेने पाणी दिलं. मॅडम ते प्यायल्या नाहीत, आधी बोलल्या, "आबा, चूक माझी आहे. लिहिण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

आबा भिंतीकडे बघतच काहीतरी बोलले. दात नसल्यामुळे एक अक्षर कळलं नाही. मॅडमनी म्हटलं, कळलं नाही. ते पुन्हा बोलले, जरा जोरात. पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा ते इतके चिडले की ताडकन उठले, फळीवरची डबी काढली, मोरीत जाऊन दात धुतले, बसवले, आणि नीट भांडायला समोर येऊन बसले.

"मी म्हणत होतो, कवळी लिहिल्याचा राग नाही मला. लिहा. गल्लीला काय, आज नाहीतर उद्या दिसणारच होती. पण तुम्ही निम्मंच लिहिलं."

मॅडम म्हणाल्या, निम्मं कसं? खर्च पूर्ण लिहिलाय.

"खर्च लिहिला. उजवीकडं. आणि डावीकडं? पेन्शनीतून माझा वाटा भरलाय मी. पावती आहे माझ्याकडं. तो कुठंय फळ्यावर?"

"आहे की, आबा. जमेत धरलाय. सगळ्या लहान रकमा एकत्र येतात ना, त्या ओळीत."

"कुठली ओळ?"

मॅडम जरा हळू आवाजात म्हणाल्या, "फुटकळ देणग्या."

आबांनी मान डोलावली. खरं तर याच शब्दासाठी त्यांनी दात घातले होते.

"म्हणजे खर्चात किरकोळ चालत नाही तुम्हाला. आणि जमेत आम्ही फुटकळ?"

मला वाटलं मॅडम रागावल्या. पण नाही. त्यांना हसू यायला लागलं, विनोदाच्या आधी यायचं तसं, फक्त या वेळी मागून विनोद आलाच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, बरोबर आहे तुमचं. साफ बरोबर आहे. मग खुर्चीत येऊन का नाही विचारलंत?"

"तिथं देणगीवाले बसतात."

"मग तुम्ही कोण?"

सून दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती, ते कांद्यामुळे की काय, मला माहीत नाही. मॅडमनी आता पाण्याचा पेला उचलला. पिऊन झाल्यावर गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बरं, हिशोबाला लागेल म्हणून विचारते. तुमचा वाटा वरच्या दातांत धरायचा की खालच्या?"

आबा हसले. सगळे दात दिसले, वरचे आणि खालचेही.

पण येतो असं मात्र म्हणाले नाहीत. निघताना मॅडमनी विचारलंही नाही. मी जिन्यात म्हटलं, विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आपणहून असं ठरलंय. विचारलं तर आपणहून कसं होईल?"

मग तो सगळा महिना त्या पांढऱ्या बुटांनिशी गल्ल्या तुडवत होत्या. फुटकळ या शब्दात, नाहीतर त्याच्याही बाहेर, कोण कोण बसलं होतं ते त्यांनी एकेक करून बाहेर काढलं. रोज संध्याकाळी उरलेली कोथिंबीर देणारी भाजीवाली. डायलिसिसला जाणाऱ्या आजींकडून परतीचं भाडं न घेणारा रिक्षावाला. भिशीतले सुट्टे पैसे पाठवणाऱ्या बायका. वाढदिवसाच्या केकऐवजी केळी वाटायला पैसे देणारं एक कुटुंब. प्रत्येकाला, आणि सुनेकरवी आबांनाही, विचारलं, लिहू का, नाव घालू का. बहुतेक जण म्हणाले, नाव नको, पण लिहा.

आणि उजव्या बाजूसाठी नवा नियम झाला. मदत घेणाऱ्याला विचारल्याशिवाय त्या वस्तूचं नावही लिहायचं नाही. नको म्हणाला तर नुसतं 'औषधोपचार' लिहायचं आणि खाली लिहायचं, 'तपशील देऊ नये असं घेणाऱ्याने सांगितलं आहे.' मी म्हटलं, हे लपवणं झालं. त्या म्हणाल्या, "हो. पण लपवलंय हे उघड लिहून लपवलंय. संस्थेचा हिशोब उघडा ठेवायचा, माणसाचं तोंड नाही." मी यावर वाद घातला. वाद हरले असं मी म्हणणार नाही. पण पत्रकातलं 'सगळं उघड करा' हे वाक्य मी बदललं.

हिशोबाचा रविवार आला. मॅडम सकाळपासून लिहीत होत्या. डावी बाजू भरली, फळा संपला, तर त्यांनी खडूने भिंतीवर पुढचं लिहायला सुरुवात केली. आप्पा त्या दिवशी मुद्दाम लवकर आले होते. आबा येतात का ते बघायला. खिशात पाना होता, फळ्याचे नट सोडायला. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण सदऱ्याचा खिसा लोंबत होता. मॅडमनी खिशाकडे बघितलं आणि लिहीत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी शेंगा आणल्या नव्हत्या. एकदा लिहिता लिहिता खडू मोडला.

ऊन चढलं. खुर्ची रिकामी होती.

मग गल्लीच्या टोकाकडून आबा आले. इस्त्रीचा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. रिक्षा स्टँडवरून जाताना थांबले, स्टँडकडे बघून दात दाखवले आणि पुढे निघाले. शंकेच्या खुर्चीत येऊन बसले आणि मॅडमसारख्याच मोठ्या आवाजात वाचलं, "कवळीतला स्वतःचा वाटा. नाव नको म्हणाले." मग वळून विचारलं, "ही ओळ कुणाची?"

मॅडम म्हणाल्या, "नाव नको म्हणाले."

"मी सांगतो. माझी." त्यांनी स्टँडकडे बोट केलं. "त्यांना सांगा. निम्मी माझी आहे."

तिकडून एक जण म्हणाला, आबा, निम्मी कुठली?

"ज्या बाजूनं तुला शिव्या देतो ती."

हसण्याचा जो आवाज झाला त्याने खालचं कुत्रं उठून गेलं. रिक्षावाले उठून फळ्याजवळ आले, आपापली ओळ शोधायला लागले. ज्याने आजींकडून भाडं घेतलं नव्हतं त्याला त्याची ओळ सापडली तेव्हा त्याने फोटो काढला. भाजीवालीने दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. एवढे लोक त्या फळ्यासमोर मी कधीच बघितले नव्हते.

आप्पा सगळ्यांच्या मागे उभे होते. डावी बाजू वरपासून खालपर्यंत त्यांनी वाचली, मग भिंतीवरचंही वाचलं. मग मॅडमजवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मॅडम, माझा हॉल कुठं लिवलाय?"

"अहो, आप्पा, हॉलबद्दल कशाला लिहायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हनलो आसंल." आप्पांनी पान्यावरून हात फिरवला. "आता लिवा."

"जागा नाही उरली फळ्यावर."

"मंग दुसरा आनतो की. ह्याच्याच बाजूला लावू. रस्त्याव."

मॅडमनी भिंतीवर तेवढीच जागा काढून ओळ लिहिली : 'हॉल, भाड्याविना. दुसरा फळा एक, यायचा आहे.' आप्पांनी ती दोनदा वाचली. आप्पांच्या त्याच पान्याने पुढच्या आठवड्यात दुसरा फळा बसला.

मॅडम त्यानंतर फार दिवस पुण्यात राहिल्या नाहीत. नागपूरला लेकीकडे बाळ झालं आणि त्यांनी जायचं ठरवलं. खजिनदार म्हणून आप्पांची सून शीतल हिचं नाव त्यांनीच सुचवलं. पोरगी हुशार, हिशोबाला पक्की. फक्त अक्षर मुंगीसारखं. लाजाळू माणसाचं असतं तसं, कुणी वाचू नये म्हणूनच लिहिलेलं वाटावं असं.

शीतलने लिहिलेला पहिला फळा मी बघायला गेले होते, त्या दिवशी मॅडमची संध्याकाळची गाडी होती. त्या केंद्रात आल्या नाहीत. मला वाटलं सामानात अडकल्या असतील. शीतल खडू घेऊन लिहीत होती आणि मी तिला आकडे वाचून दाखवत होते. तेवढ्यात समोरच्या रसवंतीतला माणूस हात पुसत रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "ताई, ती चौथी ओळ दिसत नाही म्हणाल्या."

कोण म्हणाल्या, शीतलने विचारलं. त्याने मागे बोट दाखवलं.

रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बाकावर सोनवणे मॅडम बसल्या होत्या. हातात रसाचा ग्लास. बाकावरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना त्या आमचा फळा वाचून दाखवत होत्या. चौथ्या ओळीशी येऊन अडल्या होत्या आणि डोळे बारीक करून बसल्या होत्या. सगळा बाक डोळे बारीक करून बसला होता.

शीतलने चौथी ओळ पुसली आणि जरा मोठी लिहिली. आम्ही वळून बघितलं. मॅडमनी ग्लास बाकावर ठेवला आणि दोन्ही हात बाजूला पसरले. आणखी मोठं. शीतलने ओठ दाबून धरले, पुन्हा पुसलं, आणि हात खांद्यापासून हलवत लिहिलं. मग बाकीच्या ओळीही पुसल्या आणि त्याही तशाच लिहून काढल्या. तिचं ते अक्षर बघून मला तिच्याबद्दल एकदम भरवसा वाटला.

सगळं लिहून होईपर्यंत बाकावरची गिऱ्हाइकं बदलली होती आणि मॅडम तिथे नव्हत्या. मी रस्ता ओलांडून गेले, म्हटलं, काही सांगून गेल्या का?

रसवंतीवाला ग्लास विसळत होता. म्हणाला, "दिसतंय म्हणाल्या."